झोपलाच नाही, त्याचं भाडं कसलं?

आमच्या घरात एक शंभर पानी वही आहे. पहिल्या पानावर अब्बांच्या हातचं ७८६ आणि खाली तारीख, २४ मार्च २०२०. पुढच्या पानावर २३ नावं. प्रत्येक नावापुढे गाव, फोन नंबर, येण्याची तारीख आणि एक आकडा. सगळे आकडे मिळून १ लाख १२ हजार रुपये होतात. एप्रिल आणि मे महिन्यात आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांनी आगाऊ दिलेले हे पैसे. त्यातले ऐंशी हजार तोपर्यंत खर्च होऊन गेले होते.

मुरुडजवळ आमची छोटी वाडी आहे, नारळ-सुपारीची. अब्बा कुवेतहून परत आले तेव्हा त्यांनी वाडीत चार खोल्या बांधल्या. संडास-बाथरूम आणि फरशीसाठी सहकारी बँकेकडून कर्ज काढलं. जंजिरा बघायला येणारी माणसं, मेच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची कुटुंबं, बासी ईदला भिवंडी-मुंब्र्याकडून भरभरून येणाऱ्या गाड्या, आणि ३१ डिसेंबर. वर्षातले हे साठ-सत्तर दिवस चालले की बाकीचं वर्ष निघतं. हंगामाआधी रंग, गाद्या, चादरी, पाण्याचा पंप हे सगळं अ‍ॅडव्हान्सच्या पैशातून करायचं, ही किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरगुती निवासाची रीत. आम्हीही तेच केलं होतं.

१७ मार्चला पुरातत्त्व खात्याने देशभरची आपली स्मारकं बंद केली. त्यात जंजिराही आला. राजपुरीच्या धक्क्यावरची शिडाची होडकी उभी राहिली. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून फोन.

पहिला फोन पुण्याचा होता. माणूस सरळ होता, आवाज चढवला नाही. "आम्ही येऊ शकत नाही, तुम्ही घेऊ शकत नाही. पैशाचं कसं करायचं?" मी म्हणालो, "बघतो." फोन ठेवला आणि अब्बांना म्हणालो, आपण बुकिंग घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट लिहितो, अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही. ती अट त्यांनी मान्य केली होती. आता आपण का द्यायचे?

अब्बांनी मान वर न करता विचारलं, "झोपला का तो इथं?"

"नाही."

"मग झोपलाच नाही, त्याचं भाडं कसलं?"

या एका वाक्यावर आमचं भांडण पंधरा दिवस चाललं. हा लेख त्या भांडणाबद्दल आहे. त्यात कोण बरोबर होतं हे माझ्या मनात आजही पूर्ण ठरलेलं नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण आज असाच काही धंदा करताहेत. कुणी हर्णैला दोन खोल्या काढल्यात, कुणी पाचगणीत भावाचा बंगला चालवतो, कुणी गोव्यात फ्लॅट भाड्याने घेऊन पुढे रोजच्या भाड्याने देतो. म्हणून ते मांडतो.

आधी कायद्याचं. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याचं कलम ५६ सांगतं की करार केल्यानंतर त्यातली गोष्ट करणं अशक्य किंवा बेकायदा झालं, तर करार रद्दबातल होतो. कलम ६५ सांगतं की करार असा रद्द झाला, तर त्याखाली ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. न्यायालयं हे 'अशक्य' सहजासहजी मान्य करत नाहीत, परवडत नाही म्हणजे अशक्य नव्हे. पण जिल्ह्याची हद्दच बंद आणि खोली उघडली तर गुन्हा दाखल होणार, याहून अशक्य ते काय? आमची 'परत मिळणार नाही' ही ओळ पाहुण्याचा बेत बदलला तर यासाठी होती. सरकारने रस्ताच बंद केला तर काय, याचा विचार ती लिहिताना मीही केला नव्हता आणि वाचताना पाहुण्यानेही.

अब्बांना कलम ५६ माहीत नाही. ते बोलत होते ते दुसऱ्या ठिकाणाहून. सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे: झाडावरची फळं कुणाला विकली आणि आफत येऊन ती गेली, तर विकणाऱ्याने त्याचे पैसे घेणं रास्त नाही, अशा आशयाची. वाडीवाल्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. फकिहांमध्ये यावर मतभेद आहेत. मालिकी आणि हंबली परंपरेत पैसे सोडणं बंधनकारक आहे. हनफी आणि शाफई परंपरेत ते चांगलं आहे, पण सक्तीचं नाही. आपण कोकणातले बहुसंख्य शाफई. म्हणजे अब्बांना मजहबची सवलत उपलब्ध होती. मी ती शोधून त्यांना दाखवलीसुद्धा. ते म्हणाले, "सवलत आहे हे मला माहीत आहे. ती घ्यायची की नाही हे मला विचारलंय ना?"

भाड्याच्या बाबतीत तर मुद्दा आणखी साधा आहे. इजारा म्हणजे वापराची विक्री. वापरायला मिळालंच नाही तर विकलं काय?

आता थोडं बाहेर बघू. कारण आमच्या ओट्यावर जे चाललं होतं तेच त्या महिन्यात जगभर चाललं होतं, फक्त आकडे मोठे होते. एअरबीएनबीने १४ मार्च २०२० ला जाहीर केलं की त्या दिवशी किंवा त्याआधी केलेल्या आणि पुढच्या महिनाभरात मुक्काम सुरू होणाऱ्या बुकिंगचे पूर्ण पैसे पाहुण्याला परत मिळतील. नंतर ही मुदत ३१ मेपर्यंत वाढवली. यजमानाने स्वतः निवडलेली रद्द करण्याची अट कितीही कडक असो, ती बाजूला ठेवली गेली. पाहुणे खूश, पेपरात कौतुक. घरमालक मात्र जगभर खवळले. ३० मार्चला कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी यजमानांना पत्र लिहिलं, तुम्हाला न विचारता हे केलं याबद्दल माफी मागितली आणि २५ कोटी डॉलर यजमानांसाठी जाहीर केले.

२५ कोटी ऐकायला भरपूर वाटतात. हिशेब बघा. यजमानाला त्याच्या अटीनुसार जेवढे मिळाले असते त्याच्या २५ टक्के द्यायचे, असं ठरलं होतं. समजा बुकिंग दहा हजारांचं आहे आणि अटीनुसार निम्मे यजमानाचे, म्हणजे पाच हजार. त्याच्या २५ टक्के म्हणजे साडेबाराशे. दहा हजारांत साडेबाराशे. अनेकांना वाटलं होतं की बुकिंगच्या चौथा हिस्सा मिळेल, हातात आला आठवा. मे महिन्यात कंपनीने आपले सुमारे १,९०० कर्मचारी, म्हणजे चौथा हिस्सा, कमी केले. डिसेंबरात तिचा शेअर बाजारात आला, ६८ डॉलरला, आणि पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला.

मी यात कंपनीला खलनायक करत नाही. पाहुण्याचे पैसे परत करणं बरोबरच होतं, आणि लोकांना पैशासाठी आजारपणात प्रवास करायला भाग पाडणं चुकीचं ठरलं असतं. पण उदारपणा एकाने जाहीर केला आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, हे विसरता येत नाही. अब्बांनी दिले ते स्वतःच्या खिशातून. हा फरक मला त्या वेळी दिसला नाही. मला दोन्ही सारखेच मूर्ख वाटत होते.

बरं, द्यायचे ठरलं तरी द्यायचे कुठून? हातात ३२ हजार होते आणि दर महिन्याला १४ हजारांचा हप्ता. अब्बांनी वहीत खुणा करायला सुरुवात केली. ज्याचा आवाज अडचणीतल्या माणसाचा वाटला, त्याला आधी. एक जण कांदिवलीत रिक्षा चालवणारा होता, बायको-मुलांना पहिल्यांदा समुद्राकाठी आणणार होता. त्याचे तीन हजार त्याच दिवशी गेले. असे नऊ जण. पाच जण म्हणाले, पैसे राहू द्या, सगळं सुरू झालं की येऊ. तिघांनी सांगितलं की परत नकोत. उरलेल्या सहा जणांना अब्बांनी स्वतः फोन करून सांगितलं की पैसे तुमचेच आहेत, पण माझ्याकडे आत्ता नाहीत, महिन्याला थोडे थोडे देईन. हे फोन करताना ते ओट्यावरून उठून वाडीत जात. कुवेतमध्ये बावीस वर्षं काढलेला, गावात कुणाचा एक पैसा न बुडवलेला माणूस नारळाखाली उभा राहून अनोळखी पोराला मुदत मागत होता. सहापैकी चौघे "काही हरकत नाही, काका" म्हणाले. एकाने पोलिसांत जाण्याची भाषा केली. एक रोज संध्याकाळी मेसेज टाकायचा, फक्त प्रश्नचिन्ह.

कर्जदार अडचणीत असेल तर सोय होईपर्यंत त्याला मुदत द्यावी, हे सूरह बकराच्या २८० व्या आयतीत आहे आणि ते आपण सगळ्यांनी बयानात ऐकलंय. ऐकताना आपण नेहमी मुदत देणाऱ्याच्या जागी बसलेलो असतो. मागणाऱ्याच्या जागी बसल्यावर कळतं की ती आयत किती थोड्या लोकांपर्यंत पोचलीय. आणि त्या सहांपैकी ज्या चौघांनी मुदत दिली, त्यात तिघांची नावं पाटील, कुलकर्णी आणि डिसोझा होती, हेही वहीत आहे.

मग ३ जून आला. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत घुसलं आणि मुरुड-अलिबागपर्यंत सगळं झोडपून गेलं. आमच्या दोन खोल्यांचे पत्रे गेले, सुपारीची झाडं मधोमध मोडली. सरकारने बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर केले. किनाऱ्यावर हेक्टरात कोण मोजतं? इथे वाड्या गुंठ्यांत आहेत. शंभर गुंठ्यांचा एक हेक्टर, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. पंधरा-वीस वर्षं वाढवलेली झाडं होती ती.

इथे मला आपल्या लोकांशी थोडं कडक बोलायचंय. त्या वर्षी मदत नव्हती असं नाही. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना आधी तीन, मग आणखी तीन महिन्यांची स्थगिती दिली, ३१ ऑगस्टपर्यंत. ती आम्हाला मिळाली. व्याज चालूच राहिलं, पण श्वास घेता आला. केंद्राने मे महिन्यात छोट्या उद्योगांसाठी हमीचं कर्ज आणलं, शिल्लक व्यवसायकर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत, तारण न मागता. बँकेत गेलो तर कळलं, अब्बांचं कर्ज कागदावर घरदुरुस्तीचं आहे. व्यवसाय म्हणून आमचं अस्तित्वच नव्हतं. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंद नाही, उद्यम नोंदणी नाही (ती जुलै २०२० पासून फुकट आणि ऑनलाइन होती), पावतीपुस्तक नाही. आमच्या आळीत अशी सात घरं आहेत आणि सातांचंही हेच. का नाही केलं? कारण कागद केला की कर लागेल, कुणीतरी चौकशीला येईल, 'आपल्याला' त्रास देतील. ही भीती हवेतून आलेली नाही, मला मान्य आहे. पण बिनकागदाचा माणूस दर आफतीत सगळ्यात शेवटी मोजला जातो, आणि आपण त्या रांगेत स्वतःहून उभे राहतो.

आणखी एक गोष्ट, जी मी लिहायला टाळत होतो. अब्बांनी २३ पाहुण्यांचा हिशेब केला. चादरी धुणाऱ्या दोन बायका आणि वाडीत काम करणारा एक गडी यांचा हिशेब त्या वहीत नव्हता. आगाऊ पैसे त्यांनी दिले नव्हते, म्हणून त्यांचं देणं नाही, असं आम्ही धरलं. अम्मीने रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात सेहरीला विचारलं, "त्यांचा हंगाम कुणी रद्द केला मग?" आम्ही दोघंही गप्प. त्यानंतर तांदूळ, तेल पोचवलं, फितऱ्यात त्यांचं नाव आधी घेतलं. पण ते खैरात म्हणून. त्यांच्या बुडालेल्या मजुरीतला वाटा म्हणून आम्ही आजपर्यंत एक रुपयाही दिलेला नाही. एअरबीएनबीला मी वर जे बोललो ते आमच्यावरही येतं.

आता दुसऱ्या प्रकारच्या रद्दबद्दल. तो एप्रिल तुम्हाला आठवत असेल. निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि आठवड्याभरात भाजीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येक मुसलमान विषाणू घेऊन फिरतोय असं टीव्ही सांगायला लागला. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं. पण जे मनात बसायचं ते तोवर बसलं होतं. सप्टेंबरात ई-पास गेला, ऑक्टोबरपासून फोन परत सुरू झाले. दिवाळीसाठी एका कुटुंबाने दोन खोल्या घेतल्या, चार हजार पाठवले. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज अत्यंत सभ्य. "तुमचं आडनाव आता कळलं. घरात वयस्कर माणसं आहेत, तुम्ही समजून घ्याल. पैसे परत मिळतील ना?"

या वेळी रस्ता उघडा होता. खोली तयार होती. आफत कोणतीही आलेली नव्हती. कलम ५६ नाही, फळांची हदीस नाही. आमची अट इथे पूर्ण लागू होती आणि मी ती लावणार होतो. अब्बांनी माझ्या हातून फोन घेतला आणि चार हजार त्याच मिनिटाला परत केले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांचं म्हणणं, असल्या माणसाचा पैसा घरात कशाला ठेवायचा. विकलेली वस्तू घेणाऱ्याला नकोशी झाली तर परत घेण्याला आपल्याकडे इकाला म्हणतात, आणि त्याचं मोठं सवाब सांगितलंय, हे मला माहीत आहे. तरीही मला वाटतं अब्बा चुकले. माझ्या नावामुळे माझी खोली नाकारणाऱ्याला त्या नकाराची किमान चार हजार किंमत तरी पडायला हवी होती. आम्ही ते फुकट करून दिलं. तुम्हाला काय वाटतं, मला खरंच जाणून घ्यायचंय.

पण बोलतोच आहोत तर पूर्ण बोलू. पुण्यात खोली शोधताना मला सात ठिकाणी नाव विचारून नकार मिळालाय. आणि आमच्या किनाऱ्यावरची काही आपली घरंही फोनवर पहिला प्रश्न नावाचा विचारतात. आम्हीही एके काळी विचारायचो. आता मी बुकिंग घेताना किती माणसं, किती दिवस, मासे खाता का, एवढंच विचारतो.

आणि अटी बदलल्या. आता त्या सहा ओळींच्या आहेत आणि मराठीत आहेत. सरकारी बंदी किंवा वादळ असेल तर पूर्ण पैसे परत. घरात आजारपण असेल तर दुसरी तारीख. पाहुण्याचा बेत बदलला तर किती दिवस आधी कळवलं त्यावर निम्मे किंवा काहीच नाही. शेवटच्या ओळीत लिहिलंय की बाकीचं कोणतंही कारण बेत बदलणं या सदरात धरलं जाईल. ती ओळ मी दिवाळीनंतर घातली, अब्बांना न विचारता. अ‍ॅडव्हान्सचे पैसे वेगळ्या खात्यात जातात आणि पाहुणा गाडीतून उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. यामुळे यंदा हंगामाआधी रंग झाला नाही. भिंती तशाच आहेत, समुद्राच्या वाऱ्याने पोपडे आलेल्या. उद्यम नोंदणी झाली, निवास-न्याहारीचा अर्ज आत आहे. आळीतल्या सात घरांना एकत्र बसवून निदान एक अटींचा कागद सगळ्यांसाठी करावा असं मी चार वेळा म्हणून बघितलं. दोन घरं आली. पाच म्हणतात, हंगाम झाला की बघू.

सहा जणांचे हप्ते यंदाच्या जानेवारीत फिटले. शेवटचा प्रश्नचिन्हवाला होता. त्याला शेवटचे आठशे पाठवले तेव्हा उत्तरात अंगठा आला.

१४ एप्रिल २०२१ च्या रात्री राज्यात परत निर्बंध लागले. त्याच दिवशी पहिला रोजा होता. इफ्तारनंतर अब्बांनी वही काढली, नवं पान, ७८६, तारीख. या वेळी ११ नावं होती, ४६ हजार रुपये, सगळे खात्यात. तरावीह घरातच पढून झाल्यावर मी एकेकाला पैसे पाठवत बसलो आणि अब्बा चष्मा लावून नावांवर काट मारत गेले. अकरावं नाव कांदिवलीच्या रिक्षावाल्याचं होतं. त्याने या वर्षी परत बुकिंग केलं होतं. पैसे पोचल्याचा मेसेज आला आणि मागोमाग फोन. अब्बांनीच उचलला. बराच वेळ बोलत होते, त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल, गाडीच्या हप्त्याबद्दल. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "त्याला सांगितलंय, पावसाळा संपला की ये. त्याच्याकडून अ‍ॅडव्हान्स घेऊ नकोस."